तोंडात पाणी धरून

आमच्या कॉलेजात एका वर्गाबाहेर पाण्याचा माठ ठेवलेला होता आणि त्यातलं पाणी प्यायचं नव्हतं. ते तोंडात घ्यायचं, गाल फुगवून वर्गात जायचं, आपण बनवलेली वस्तू टेबलावर ठेवायची आणि गप्प उभं राहायचं. मग समोरचा अनोळखी माणूस ती वस्तू वापरून बघायचा. हा माणूस कधी कॉलेजचा माळी असे, कधी झेरॉक्सवाला, तर कधी रस्त्यावरून विनंती करून आणलेले कुणी आजोबा. त्याचं होईपर्यंत पाणी तोंडातच. गिळलं तर नापास, सांडलं तर नापास.

हा नियम आमच्या सरांचा. कॉलेज डिझाइनचं, कर्वेनगरातलं. बटणं, दिवे, आवाज, स्क्रीन असलेली यंत्रं अशी बनवायची, की ती हातात घेतल्याबरोबर कुणालाही वापरता यावीत, हा आमचा विषय. त्याचं इंग्रजी नाव एका ओळीत मावायचं नाही. सर त्याला 'न सांगता कळणं' एवढंच म्हणायचे.

"तुम्ही त्या यंत्राबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी राहायला जाणार आहात का?" सर विचारायचे. "नाही ना? मग आत्तापासूनच गप्प बसायची सवय करा."

नुसतं गप्प बसा म्हटलं तर कुणी बसत नाही, हा त्यांचा जुना अनुभव. आपली वस्तू कुणी उलटी धरली की 'अहो, तसं नाही' हे तोंडातून निघतंच. पाणी असलं की फक्त 'उंऽ' निघतं. परीक्षेच्या दिवशी आमच्या वर्गातून गोठ्यासारखे आवाज यायचे.

वारज्याला आमच्या घरी हा प्रकार कळला तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, जेवता जेवता थांबले. "चूळ भराया कॉलेजात जाती व्हय गं तू? ती तर आपल्या मोरीत बी भरता येती." त्यानंतर कुणी विचारलं की ते सांगायचे, "पोरगी पाण्याचं शिकती हाय." भावकीतल्या निम्म्या लोकांना मी पाटबंधारे खात्यात चिकटणार असं वाटत होतं.

सर बुटके होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. एकोणीस वर्षांच्या पोरांनाही ते अहो-जाहो करायचे. "अहो, आपण झोपला आहात का?" असं कुणी आदराने विचारलं की झोपही लाजून उडते. त्यांचा सगळ्यात मोठा सिद्धान्त असा, की माणूस कधी चुकत नाही, वस्तू चुकते. आणि वस्तू चुकली आहे हे ओळखायची खूण म्हणजे पाटी. एखाद्या वस्तूवर सूचनेची पाटी लावावी लागली, की ती वस्तू नापास.

आता पुण्यात राहून पाट्यांचा राग करायचा म्हणजे स्वतःचा छळ मांडायचा. सर रस्त्याने जाताना पाट्या वाचायचे आणि दात दुखल्यासारखा चेहरा करायचे. पण नुसता राग करून थांबतील तर ते सर कसले. त्यांच्या शबनम पिशवीत शिलाई मशीनच्या तेलाची एक कुपी असायची. जिथे पाटी दिसेल तिथे ते मूळ दुखण्यावर इलाज करायचे, न विचारता.

त्यांच्या घराजवळच्या एका बँकेच्या दारावर पाटी होती, 'दार जोर लावून ढकलावे'. सर दार ढकलून आत गेले, परत बाहेर आले, इकडेतिकडे बघितलं आणि दोन्ही बिजागऱ्यांना मनसोक्त तेल पाजलं. दार पिसासारखं हलकं झालं. पाटी मात्र तशीच राहिली. पाच मिनिटांनी एक धिप्पाड गृहस्थ आले, त्यांनी पाटी नीट वाचली, खांदा लावला आणि सूचनेप्रमाणे जोर केला. ते थेट पासबुक भरायच्या खिडकीपाशी जाऊन थांबले, तेही खिडकी होती म्हणून. रखवालदाराने सरांना धरलं तेव्हा सर त्याला समजावत होते, "बघा, मी काय म्हणत होतो? पाटी धोकादायक असते!"

सर कर्वेनगरातच एकटे राहायचे. त्यांच्या घरात दिव्यांना बटणं नव्हती. प्रत्येक दिव्याखाली एक दोरी लोंबत होती. जो दिवा हवा त्याची दोरी ओढायची, सांगायची गरज नाही. कल्पना नामी होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि खिडक्या बंद होत्या. मी दाराशेजारची भिंत चाचपत राहिले. आतून सरांचा आवाज आला, "सावकाश. घाई नाही." काय करायचं ते मात्र सांगितलं नाही. शेवटी मी एका स्टुलावर आपटले आणि पडता पडता जी दोरी हाताला लागली तिने दिवा लागला तेव्हा कळलं, मी चाचपत न्हाणीघरात पोचले होते.

"सर, अंधारात दोऱ्या दिसत नाहीत," मी गुडघा चोळत म्हटलं.

सरांनी वर दोरीकडे बघितलं. "खरंच की. इतकी वर्षं झाली, हे मला कुणी बोललं नाही."

"तुम्ही कुणाला बोलू कुठे देता?"

त्यावर ते इतके खूष झाले की त्यांनी मला दडपे पोहे करून घातले. पोह्यांत मीठ नव्हतं. तेही मी सांगितलं. मग ते आणखी खूष झाले.

सरांना जगात एकच परीक्षक मान्य होता, आणि ती म्हणजे त्यांची थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. गणिताच्या निवृत्त बाई, कोथरूडला एका सोसायटीत एकट्या राहायच्या, आणि पाठीचा कणा असा ताठ की बघणाराही सरळ बसावा. शेवटच्या वर्षाच्या वस्तू अक्कांकडे जायच्या. शनिवारी दुपारी चारला त्या झोपून उठायच्या आणि साडेपाचला मालिका लागायची. मधल्या दीड तासात आमचं भवितव्य ठरायचं.

आणि गंमत म्हणजे, पाट्यांचा द्वेष करणाऱ्या सरांच्या सख्ख्या बहिणीचं घर पाट्यांनी भरलेलं होतं. लाल शाई, शाळेतलं वळणदार अक्षर. दारावर: 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही, हळू आहोत.' त्याखाली: 'चपला सरळ रेषेत काढाव्यात. सरळ रेषा म्हणजे काय हे माहीत नसल्यास परत जावे.' फ्रिजवर: 'यात काही नाही.' गॅसजवळ स्वतःसाठीच: 'बंद केलास? परत बघ.' सरांनी एकदा न राहवून चपलांची पाटी फाडली. पुढच्या शनिवारी तिथे नवी होती: 'पाटी फाडणाऱ्याचा चौथीत भागाकार चुकत होता.' आम्ही सगळ्यांनी ती मान खाली घालून वाचली आणि चपला सरळ रेषेत काढल्या.

अक्का सरांना 'बाळ्या' म्हणायच्या. पंचावन्नच्या माणसाला बाळ्या ऐकताना तोंडातलं पाणी सांभाळणं ही खरी परीक्षा होती. माझा एक वर्गमित्र तिथेच, वस्तू पिशवीतून बाहेर काढायच्या आत नापास झाला.

दुसऱ्याने औषधाची बोलकी डबी केली होती. वेळ झाली की डबी म्हणायची, "गोळी घ्या." अक्कांनी गोळी घेतली. पण त्यांनी ती आपल्या डब्यातली घेतली, त्यामुळे यंत्राला पत्ताच नाही. ते परत म्हणालं, "गोळी घ्या."

"घेतली," अक्का म्हणाल्या.

"गोळी घ्या."

"अहो, घेतली म्हणते ना! माझ्यावर विश्वास नाही?"

वर्गमित्र कोपऱ्यात फुगलेल्या गालांनी 'उं उं' करत होता. चौथ्यांदा 'गोळी घ्या' झाल्यावर अक्का उठल्या, डबी तांदळाच्या डब्यात खोल पुरली आणि वर झाकण लावलं. आतून दबक्या आवाजात डबी तांदळाला गोळी घ्यायला सांगत राहिली. "नापास," अक्का म्हणाल्या, "आणि उद्धट."

आता माझी गोष्ट सांगते, कारण सर मला खरे कळले ते त्यातच.

आमच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला अक्का मोरीत घसरून पडल्या. फार लागलं नाही. पण उठता येईना, आणि सकाळची कामवाली येईपर्यंत चार तास त्या तशाच गार फरशीवर पडून होत्या. शेजारी माणसं होती, भिंत पातळ होती. त्यांनी हाक मारली नाही. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "लोकांची झोपायची वेळ होती."

सर घाबरले. ते कधी कशाला घाबरतात हे आम्हाला माहीत नव्हतं, त्यामुळे आधी आम्हाला ते आजारी वाटले. त्यांनी स्वतः सात यंत्रं केली, अक्कांना संकटात बोलावता यावं म्हणून. सातही अक्कांनी नापास केली. न्हाणीघरातल्या बटणावर त्या टॉवेल वाळत घालायच्या, बटण दाबलं जायचं आणि सर अर्धवट दाढीनिशी कोथरूडला धावायचे. अक्का दार उघडून म्हणायच्या, "अरे, अर्धीच?" गळ्यात घालायचा घुंगरू केला तर म्हणाल्या, "मी गाय आहे का?"

मग सरांनी वर्गात विषय दिला: 'अक्कांना हाक मारता यावी.' कुणी घेईना. मी घेतला. तो शौर्य म्हणून नव्हे, मी त्या दिवशी उशिरा गेले होते आणि तेवढाच विषय उरला होता.

तीन संधी असायच्या. पहिल्यांदा मी हातात घालायची पट्टी केली. अक्कांनी ती पोळ्यांच्या डब्याला बांधली, झाकण सैल होतं म्हणून. दुसऱ्यांदा मोठं लाल बटण केलं. अक्कांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे मदत मागायचं आहे, हो ना? मला मदत लागत नाही." म्हणजे यंत्र त्यांना न सांगता कळलं होतं, आणि कळल्यामुळेच नापास झालं होतं. असं आमच्या पुस्तकात कुठेच नव्हतं. तिसरी संधी गेली असती तर माझं वर्ष गेलं असतं. आप्पांना काय सांगायचं, की एक म्हातारी बाई हट्टी आहे म्हणून मी पुन्हा चूळ भरायला चालले?

मी चिडले. वस्तू न घेता, पाणी न घेता दोन दुपारी नुसती अक्कांकडे जाऊन बसले. मटार सोलले. सर आले, की त्यांचं व्याख्यान सुरू व्हायचं, आणि फार झालं की अक्का टेबलावरचा लाकडी डस्टर उचलून टेबलावर आपटायच्या. टक, टक, टक. शाळेतून निवृत्त होताना त्यांनी तो घरी आणला होता. तो आवाज झाला की सर वाक्याच्या मध्यात थांबायचे आणि ताठ बसायचे. सवयच होती ती, लहानपणापासूनची.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई मदत मागणार नाही. पण दटावायचं थांबणार नाही.

तिसऱ्या शनिवारी मी एक जाड लाकडी पाट अक्कांच्या टेबलावर ठेवला. पाटाच्या आत आवाज टिपणारा तुकडा आणि एक सिमकार्ड. जोडीची पेटी सरांच्या पिशवीत. बटण नाही, दिवा नाही, अक्षर नाही. मी तोंडात पाणी घेऊन उभी राहिले.

"हे माझं टेबल का झाकलंस गं?"

"उं."

"सरळ बोल."

"उंऽ."

अक्कांनी वैतागून पाटावर तीनदा डस्टर आपटला. त्याच क्षणी सरांच्या पिशवीतून टक, टक, टक. सर खाडकन ताठ झाले. अक्कांनी पिशवीकडे बघितलं, सरांकडे बघितलं. परत दोनदा आपटला. पिशवी दोनदा वाजली, सर आणखी ताठ झाले.

"बाळ्या," अक्का हळूच म्हणाल्या, "तू घरी असलास तरी हे वाजेल?"

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, जमलं. आणि तेवढ्यात सरांची नजर टेबलावरून खाली फरशीकडे गेली. माझीही गेली. पाट टेबलावर होता. माणूस पडतो तो जमिनीवर. पडलेल्या अक्कांचा हात तिथवर पोचणारच नव्हता. संकटात हाक मारायचं यंत्र मी संकट सोडून इतर सर्व वेळी चालेल असं बनवलं होतं. त्या धक्क्याने मी पाणी गिळलं.

सरांनी ते पाहिलं. "अक्का, नियमाप्रमाणे..."

टक! सर गप्प.

"हे पंधरा दिवस इथेच राहू दे," अक्का म्हणाल्या. "निकाल मग."

ते पंधरा दिवस सरांनी मला सतत तक्रारी सांगितल्या. सकाळी साडेसहाला तीन टकटकी, म्हणजे ऊठ. दुपारी एकला दोन, जेवलास का. मालिकेतली सून मूर्खपणाने वागली की सलग आठ. "काल एकोणीस वेळा!" सर हताशपणे हात उडवत म्हणायचे, आणि त्यांच्याइतका सुखी माणूस त्या पंधरवड्यात कर्वेनगरात दुसरा नसेल.

तेराव्या दिवशी सकाळी सर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होते. ही त्यांची साडेसहाची वेळ. तोंडात पाणी घेऊन ते पेटीकडे बघत उभे राहिले. टकटक झाली नाही. सहा पस्तीस झाले. सहा चाळीस झाले. सर बनियन आणि पायजम्यावर खाली उतरले आणि स्कूटर काढली.

सिग्नलला हवालदाराने अडवलं. "आजोबा, हेल्मेट नाही, अंगात शर्ट नाही आणि तोंडात गुटखा?"

"उंऽ," सर म्हणाले, आणि हात जोडले. हवालदाराने त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि सोडून दिलं.

त्यांच्याकडे अक्कांच्या घराची किल्ली होती. अक्का स्वयंपाकघरात पडल्या होत्या. उजवं मनगट मोडलं होतं, आणि त्या शांतपणे छताकडे बघत होत्या. सर दारात उभे, गाल फुगलेले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. तोंडातलं मात्र तसंच. आपल्या तोंडात काही आहे हे ते विसरूनच गेले होते.

अक्कांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "बेसिन तिकडे आहे," त्या म्हणाल्या. "पाटी लावलेली नाही. पण सापडेल."

हे सगळं मला सरांनीच सांगितलं, त्यांच्या घरी, निकालाच्या दिवशी. अक्का हाताला प्लास्टर घालून सुखरूप होत्या, दोन दिवस सरांकडे राहून, दोऱ्यांना नावं ठेवून, परत कोथरूडला गेल्या होत्या. मला आनंद झाला होता, पण अर्धाच. कारण मला माहीत होतं, मी काही केलेलं नव्हतं. वाजलं नाही तर धावायचं, हे मी त्या यंत्रात घातलेलंच नव्हतं. ते त्या दोघांचं आपसूकच ठरलं होतं, एकमेकांना न सांगता. वर मी पाणी गिळलं होतं.

तेवढ्यात मला भिंतीवरची पेटी दिसली आणि माझा उरलासुरला धीर सुटला. पेटीवर पाटी चिकटवली होती. लाल शाई. अक्षर वेडंवाकडं, पहिलीतल्या पोराने काढल्यासारखं, कारण ते डाव्या हाताने लिहिलेलं होतं.

'हे वाजले नाही तर यावे.'

पाटी लावावी लागली की वस्तू नापास. जन्मभर दुसऱ्यांच्या पाट्यांवर तेल ओतत फिरलेल्या माणसाच्या घरात, त्याच्या डोळ्यांसमोर, माझ्या वस्तूवर पाटी होती. आणि त्यांनी ती फाडलेली नव्हती. उलट तिचा एक कोपरा सुटला होता तो नव्याने चिकटवला होता.

"सर," मी म्हटलं, "पाटी."

"ती यंत्रासाठी नाही," सर म्हणाले. "यंत्राला कळलंय. ती माझ्यासाठी आहे."

"म्हणजे मी पास, का..."

सरांनी टेबलावरचं तांब्याभांडं ओढलं, माझ्याकडे बघत एक मोठा घोट तोंडात घेतला, गाल फुगवले आणि खिशातला टेस्टर बाजूला सारून पेन शोधायला लागले. माझ्या निकालपत्रावर सही होऊन शाई वाळेपर्यंत त्यांनी ते पाणी गिळलं नाही.